कुर्डीचे दगड



गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही यहोशवाच्या पुस्तकातला चौथा अध्याय घेतला होता. इस्राएल लोक कोरड्या पडलेल्या यार्देन नदीतून पार झाले. प्रत्येक वंशातल्या एका माणसाने पात्रातला एक दगड खांद्यावर घेतला आणि ते बारा दगड गिलगाल येथे उभे केले. पुढे मुलांनी विचारले की हे दगड कसले, तर थोरांनी त्यांना सारे सांगावे, हा त्यामागचा हेतू. एका मुलाने विचारले, "सर, आता असे कुठे होते का? पाणी सरते आणि लोक आत चालत जातात, असे?"

होते. आपल्याच सांगे तालुक्यात दर वर्षी मे महिन्यात होते. म्हणून हा लेख.

सांगे हा गोव्याचा पूर्वेकडचा, सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका. डोंगर आणि जंगल फार, वस्ती विरळ. किनाऱ्याकडे दर थोड्या अंतरावर चर्चचा मनोरा दिसतो, तसे इकडे नाही. हा भाग 'नव्या काबिजादी'तला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आलेला. तोवर धर्मांतराचा पूर्वीचा काळ सरला होता. त्यामुळे येथे ख्रिस्ती घरे थोडी आणि शेजार सगळ्यांचा. पण जुन्या खुणा मात्र पुष्कळ आहेत. रिवणला डोंगरात कोरलेल्या गुहा आहेत. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर बैल, हरणे आणि माणसे कोरलेली आहेत. ही चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली.

याच तालुक्यात कुर्डी नावाचे गाव होते. दोन डोंगरांमध्ये, मधून नदी, सुपीक जमीन. भात, नारळ, काजू, आंबा, फणस. सुमारे ३,००० लोकवस्ती. देवळे होती, मुसलमान बांधवांचे प्रार्थनास्थळ होते आणि आपले एक लहानसे चॅपेलही होते. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर १९०४ मध्ये याच गावी जन्मल्या. त्यांच्या नावात गाव आजही जिवंत आहे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर गावात आले आणि साळावली नदीवर धरण होणार, त्याचा लाभ साऱ्या दक्षिण गोव्याला होणार, असे त्यांनी लोकांना समजावले. १९८०च्या दशकात ६०० हून अधिक कुटुंबे वाडे आणि वालकिणी येथे हलवली गेली. जमीन आणि भरपाई मिळाली. मग पाणी चढले आणि कुर्डी बुडाली.

तेथील महादेवाचे प्राचीन देऊळ मात्र वाचवले. दगड न दगड उतरवून ते सुमारे १७ किलोमीटरवर, धरणाजवळ पुन्हा उभे केले. त्या कामाला ११ वर्षे लागली. चॅपेल तेथेच राहिले.

मे महिन्यात जलाशय खाली जातो, तेव्हा घरांची जोती, मोडके रस्ते, झाडांचे बुंधे वर येतात. कुर्डीकर परत येतात. हिंदू बांधव आपल्या देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती बांधव चॅपेलच्या जागी सण साजरा करतात. 'आमची चूल येथे होती' असे नातवंडांना दाखवतात. पावसाळा लागला की गाव पुन्हा पाण्याखाली.

आता यहोशवाकडे परत येऊ. त्या अध्यायात एक गोष्ट आपण भरभर वाचून जातो. यहोशवाने गिलगालात बारा दगड उभे केलेच, पण आणखी बारा दगड यार्देनच्या मध्यभागी, याजकांचे पाय उभे होते तेथेही उभे केले. नंतर पाणी पूर्ववत वाहू लागले. ते दगड कोणाला दिसणार होते? माणसाला नाही. तरी ते उभे केले, कारण परमेश्वराच्या लेखी बुडालेले म्हणजे विसरलेले नव्हे. काठावरचे देऊळ सर्वांना दिसते. पाण्याखालचे चॅपेल त्याला दिसते.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. यार्देनेचे पाणी थांबले ते लोकांना घर मिळावे म्हणून. कुर्डीत पाणी आले आणि लोकांचे घर गेले. हा त्याग त्यांनी केला, आणि नळ आमचे भरले. आम्ही मराठी कुटुंबे कोणी बेळगावकडून, कोणी नगरकडून पोटापाण्यासाठी येथे आलो. मडगाव-वास्कोकडे आमच्या घरी येते ते साळावलीचेच पाणी. आणि पुनर्वसनातल्या लोकांनीच पाण्याच्या टंचाईची तक्रार केली आहे. हे ऐकून आपल्याला अवघडल्यासारखे झाले नाही, तर वर्गात यहोशवा शिकवून काय उपयोग?

म्हणून दोन विनंत्या. जेवणाआधीच्या प्रार्थनेत अन्नाबरोबर पाण्याचेही आभार माना आणि ज्यांच्या अंगणावर ते उभे आहे, त्यांची आठवण करा. दुसरे, मुलांना एकदा मे महिन्यात कुर्डीला न्या. तेथे फोटो काढण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या कुर्डीकराजवळ बसा आणि विचारा, हे दगड कसले? मग फक्त ऐका.

हे प्रभो, ज्यांनी दुसऱ्यांची तहान भागावी म्हणून आपले गाव सोडले, त्यांना तुझ्या घरी कायमची जागा दे. आम्हांला त्यांचे ऋण विसरू देऊ नकोस. आमेन.