दशावतारी गंजिफा : खेळ आणि खेळाचे साहित्य

सावंतवाडीस रंगविलेली गंजिफांची पेटी आता पुष्कळ सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात दिसू लागली आहे. बडोद्यातही ती मी अनेक ठिकाणी पाहिली. पेटी काचेच्या कपाटात असते, पाहुण्यांस उघडून दाखविली जाते, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक अवताराचे कौतुक होते. परंतु हा डाव मांडतात कसा, असे कोणी विचारले म्हणजे यजमान बहुधा विषय बदलतात. पाने आहेत आणि खेळ नाही, अशी ही स्थिती आहे. मला या खेळाचा नाद गेली काही वर्षे लागला असल्याने ती मनाला खटकते, आणि तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

गंजिफा हा शब्द फारसी वळणाचा आणि खेळही त्याच वाटेने आपल्याकडे आला. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हुसेनाकडे गंजिफांचा संच धाडल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या गंजिफाचे वर्णन दिले आहे. त्यात बारा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण 144 पाने होती. अश्वपती, गजपती, नरपती अशी त्यांतील राजांची नावे वाचली म्हणजे खेळ किती लवकर या मातीत रुजला होता याची कल्पना येते. पुढे मोगली प्रघातात आठ रंग आणि 96 पाने स्थिर झाली. हिंदू घरांनी आणि देवळांच्या आसपास वस्ती करून राहिलेल्या चित्रकारांनी त्याच चौकटीत दहा अवतार बसविले. ओडिशात, बंगालमधील विष्णुपुरात, म्हैसुरात आणि आपल्या कोकणात असे संच झाले. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर स्वतः अनेक नवे गंजिफे योजिले.

दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, मिळून 120 पाने असतात. पाने गोल. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. राजाच्या पानावर अवताराची मूर्ती असते, आणि अंकांच्या पानांवर त्याचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, रामाचा बाण, कृष्णाची गाय. काही चिन्हांत प्रांताप्रांताचा भेद आहे. नववा अवतार तर सर्वांत अस्थिर. ओडिशाच्या संचात त्या जागी जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातील जुन्या पंचांगांवर आणि देवळांतील चित्रांत बुद्धाच्या जागी विठ्ठल उभा दिसतो, हे वाचकांस ठाऊक असेलच.

कागदाचे अथवा कापडाचे थर खळीने चिकटवावयाचे, खडूचा लेप देऊन दगडाने घोटावयाचे, मग गोल कापून रंगवावयाचे, आणि पाठीवर लाखेचे आवरण चढवावयाचे, अशी सामान्यतः कृती असे. राजेरजवाड्यांसाठी होणाऱ्या सुबक कामास दरबारी कलम आणि साध्या कामास बाजार कलम म्हणत. कोकणात हा व्यवसाय चितारी घराण्यांचा. गोव्यातील कुंकळ्ळीस लाखकामाचे पाट आणि पाळणे करणारे चितारीही याच कारागिरीचे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून छापील बावन्न पानांचे स्वस्त जोड येऊ लागले आणि हाताने रंगविलेल्या 120 पानांस गिऱ्हाईक उरले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीस ही कला जाणणारे पुंडलीक चितारी नावाचे एक वृद्ध कारागीर उरले होते. तेथील राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि 1971 साली राजवाड्यातच लाखकामाचा उद्योग सुरू केला. सत्वशीलादेवी या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील कन्या. आमच्या गावची मुलगी सासरी जाऊन, एका वृद्ध चिताऱ्यापाशी बसून कुंचला धरते आणि बुडती कला वर काढते, ही गोष्ट बडोदेकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. 2018 साली त्यांचे निधन झाले, परंतु कारखाना बंद पडला नाही. त्यांनी हात घातला नसता तर मजसारख्यास टीका करावयासही पाने मिळाली नसती.

आता टीका. गंजिफाचे पान हे खेळण्याचे साधन आहे. तीन खेळाडूंत 120 पाने वाटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस येतात. एवढी पाने हातात धरावयाची तर ती लहान आणि पातळ हवीत, प्रत्येक रंगाची जमीन निराळी हवी, आणि कडेचा अर्धा बोट भाग दिसला तरी पान ओळखू यावयास हवे. बाजार कलमाच्या जुन्या पानांत हे सर्व साधलेले असे. चित्र ओबडधोबड, मासा आहे की मिरची असा प्रश्न पडावा, पण लाल जमीन ती लाल आणि पिवळी ती पिवळी. भेटीदाखल देण्यासाठी आज होणाऱ्या संचांत याच्या उलट घडते. वेलबुट्टी इतकी दाट की आठ आणि नऊ यांतला फरक मोजूनच कळावा, आणि दोन-तीन रंगांच्या जमिनी दिव्याच्या उजेडात एकसारख्याच दिसाव्यात. हा चिताऱ्याचा दोष नव्हे. घेणारा जर पान भिंतीवर लावणार असेल, तर करणारा भिंतीसाठीच रंगवील. पेटीच्या बाबतीत मात्र माझी तक्रार नाही. सरकत्या झाकणाची लाकडी पेटी खेळणाऱ्यालाही सोयीची आणि पाहणाऱ्यालाही सुंदर.

खेळ कसा असतो? गोल आणि जाड पाने हातात पिसता येत नाहीत, म्हणून चादर अंथरून ती पालथी पसरतात आणि दोन्ही हातांनी कालवतात. हुकमाचा असा एक ठरलेला रंग नसतो. राजा उतरून गेला की त्या रंगाचा प्रधान सर्वश्रेष्ठ ठरतो, प्रधान गेला की त्याखालचे पान. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी आणि मग उतरत एक्का, तर उरलेल्या पाच रंगांत हा क्रम उलटा, म्हणजे प्रधानाखाली एक्का आणि सर्वांत हलकी दश्शी. दहा रंगांपैकी कोणत्या रंगाचे कोणते पान गेले आणि आता कोणते अजिंक्य आहे, हे ज्याच्या डोक्यात राहील तो जिंकतो. डाव कोणी उघडावयाचा याचाही नियम मोठा मौजेचा. दिवसा खेळत असल्यास ज्याच्याकडे राम आला असेल त्याने, आणि रात्री खेळत असल्यास ज्याच्याकडे कृष्ण असेल त्याने. मोगली खेळातील सूर्य आणि चंद्र यांचे काम येथे या दोघांकडे आले. सूर्यवंशी राम दिवसाचा आणि चंद्रवंशी कृष्ण रात्रीचा, ही योजना ज्याला सुचली त्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही.

देवांच्या मूर्ती पत्त्यांत हाताळाव्यात काय, आणि हा जुगार नव्हे काय, असे दोन आक्षेप आमच्या समाजातील वडीलधारी मंडळी घेतात. पहिल्यास उत्तर एवढेच की, ज्यांनी हा संच रचला ते भाविकच होते. खेळताना अवतारांची नावे तोंडी येतात, हे त्यांना पुण्याचेच वाटले असेल. दुसऱ्याबाबत वकील या नात्याने बोलतो. मनूने द्यूत निंद्य मानले, तर याज्ञवल्क्याने राजाच्या देखरेखीखाली ते चालू दिले, म्हणजे स्मृतिकारांतही एकमत नव्हतेच. मुंबई इलाख्याच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. तेथे पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, हे त्यामागचे एक कारण. बावन्न पाने लक्षात ठेवणे जर कौशल्य, तर एकशेवीस पाने, तीही अर्धी सरळ आणि अर्धी उलट क्रमाने, लक्षात ठेवणे यास दुसरे काय म्हणावे? पैसे लावून खेळू नये हे मात्र खरेच.

कायद्यातील आणखी एक कल्पना मला येथे वारंवार आठवते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 3 मध्ये रूढीची व्याख्या आहे. जो प्रघात दीर्घकाळ सातत्याने व एकसारखा पाळला गेला तो रूढी. नुसता जुना कागद पुढे करून रूढी सिद्ध होत नाही. ती कोणीतरी पाळत असावी लागते. गंजिफाचे नियम ग्रंथांत उतरलेले आहेत, संग्रहालयांत पाने आहेत, चितारी आहेत. मग उणीव ती पाळणाऱ्यांची. आमच्या ओळखीत असा एकही मराठी वा कोंकणी कुटुंब नाही की ज्यात हा डाव आजीकडून नातवाकडे आला. जो तो पुस्तकातून शिकलेला, मीही तसाच.

याउलट माझ्या भाच्याचे पाहा. तो आणि त्याचे मित्र रविवारी टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा अमेरिकन खेळ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. एकाने कथा सांगावयाची, बाकीच्यांनी त्यातील योद्धा, मांत्रिक इत्यादींची सोंगे घेऊन आपापली वाक्ये बोलावयाची आणि निकाल चार, आठ, बारा, वीस बाजूंच्या फाशांवर सोडावयाचा. त्याचे फासे, बाहुल्या, नकाशे पाहून मी प्रथम नाक मुरडले. पण त्या वीस बाजूंच्या फाशाच्या कडा झिजलेल्या होत्या. माझ्या परिचयातील एकाही गंजिफाचे पान तसे झिजलेले मी पाहिलेले नाही.

‘मामा, यात विशेष काही नाही. गोष्ट ठरलेली, बोलणे आपले आपण करायचे,’ असे तो म्हणाला. तेव्हा मला आमच्या कोकणातील दशावतारी आठवले. मोचेमाडकर, पार्सेकर यांसारख्या मंडळ्या जत्रेच्या रात्री देवळापुढे उभ्या राहतात, आख्यान कोणते हे आधी ठरते, लिहिलेली संहिता नसते, आणि संकासुरापासून राजापर्यंत प्रत्येकजण आपले संवाद जागेवर रचतो. तेच दहा अवतार एके ठिकाणी पानांवर आहेत आणि दुसरे ठिकाणी त्यांच्या नावाने नाटके होतात. नाटके आजही टिकली, कारण जत्रा दरवर्षी भरते आणि गावास ती हवी असते.

आम्ही तिघे गेल्या पावसाळ्यापासून गुरुवारी रात्री बसतो. दरबारी संच कपाटातच ठेवला आणि जाड पुठ्ठ्याची गोल पाने कापून, प्रत्येक रंगाला वेगळा तैलरंग देऊन, चिन्हे ठळक काढून एक ओबडधोबड संच घरीच केला. मासा खरोखर मिरचीसारखा आला आहे. रात्रीची वेळ म्हणून आमच्याकडे डाव नेहमी कृष्णच उघडतो. रामाला उघडू द्यावयाचा तर रविवारी सकाळी बसावे लागेल, आणि त्या वेळी टेबल भाच्याने अडविलेले असते.