खेळावरील बंदी

मूल खेळूं लागलें कीं 'कां वेळ दवडतोस?' असें आपण सहज म्हणतों. जर्मन शिक्षक फ्रीड्रिख फ्रोबेल याचें मत निराळें होतें. वर्षाचा होण्यापूर्वींच आईला मुकलेल्या या पुरुषानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें बालकांसाठीं खेळशाळा काढली; १८४० मध्यें तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. तेथें लोकरीचे चेंडू, लांकडी ठोकळे, गाणीं आणि बागकाम हाच अभ्यास! रचलेला मनोरा कोसळला, तर मूल तो पुन्हां रचतें. 'मला हें साधेल' हा विश्वास असाच रुजतो. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें नास्तिकतेचा ठपका ठेवून या बालोद्यानांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारला. १८६० मध्यें बंदी उठली. तें पाहावयास तो नव्हता. घरीं मुलानें ठोकळे मांडले, तर ते आवरावयाची घाई करूं नका.