पहिल्या गिअरची कुळकथा

रिमोटवर चालणारी गाडी म्हटली की डोळ्यांपुढे येते ते सुसाट सुटून सोफ्याच्या पायावर आदळणारे खेळणे. त्याच कुळातली एक शाखा मात्र धावण्याच्या भानगडीतच पडत नाही. खऱ्या ट्रकच्या चौदाव्या हिश्श्याने बांधलेला, शिडीच्या चॅसीचा, कमानपाट्यांचा, तीन गिअरचा हा ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत मागे येतो आणि ट्रेलर बरोबर धक्क्याला लावतो. एवढ्यासाठी त्याच्या मालकाने कित्येक महिन्यांचे रविवार खर्ची घातलेले असतात. या संथ ट्रकला दोन घराणी आहेत, एक रेडिओवाल्यांचे आणि दुसरे प्रतिकृतीवाल्यांचे. त्यांची सोयरीक जुळायला पाऊणशे वर्षे लागली, आणि जुळल्यावर वेगाच्या नादाने ती मोडायच्या बेतातही आली होती.

रेडिओच्या बाजूचा मूळपुरुष निकोला टेस्ला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या विद्युत प्रदर्शनात त्याने हौदाच्या पाण्यात लोखंडी बोट सोडली आणि कुठलीही तार न जोडता ती वळवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळाले. त्याच्या शीर्षकात जलयानांच्या जोडीने ‘वाहने’ही होती. जमिनीवरच्या गाडीची नोंद अशी कागदोपत्री तेव्हाच झाली, पण गाडी रस्त्यावर यायला फार काळ गेला.

आधी उडाले ते विमान. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलामाझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओच्या हुकमतीतले विमान उडवले. आकाशात जागा मुबलक असते, वळण थोडे जास्त झाले तरी बिघडत नाही. जमिनीवर तसे चालत नाही. सुरुवातीच्या संचांत पिळलेल्या रबराच्या जोरावर फिरणारी एक खटकी असे. बटण दाबले की सुकाणू पूर्ण एका बाजूला, पुन्हा दाबले की पूर्ण दुसऱ्या बाजूला. ‘किंचित डावीकडे’ हा प्रकारच नव्हता. ट्रान्झिस्टर आले, रेडिओ हलका झाला आणि १९६०च्या दशकात प्रमाणशीर नियंत्रण हौशी माणसाच्या आवाक्यात आले. हातातली कांडी जितकी कलेल तितकेच चाक वळणार. हे काम करणारी छोटी मोटार म्हणजे सर्व्हो. तिला एक ते दोन मिलिसेकंदांचा विद्युतस्पंद पाठवला जातो आणि त्या स्पंदाच्या लांबीवरून किती वळायचे हे तिला कळते. त्याच दशकाच्या मध्यावर इटलीच्या एल-जी कंपनीने फेरारी २५० एलएमची १/१२ प्रमाणातली रेडिओ-गाडी बाजारात आणली.

आता दुसरे घराणे. त्याचे गाव जपानमधले शिझुओका. तिथल्या सेंगेन देवस्थानाच्या बांधकामासाठी एदो काळात सुतार-कारागीर गोळा झाले, ते तिथेच राहिले आणि लाकूडकाम हा गावाचा धंदाच झाला. १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी याच गावात लाकडाचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्याला जोड म्हणून लाकडी जहाजे-विमानांचे संच निघू लागले. १९५१च्या आगीत कारखाना जळाला, आणि १९५३ मध्ये त्यांनी इमारती लाकूड सोडून सगळा भर प्रतिकृतींवर दिला. प्लॅस्टिकची लाट आली तेव्हा १९६० मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेचा १/८०० संच काढला, तो स्पर्धेत मार खाऊन तोट्यात गेला. मग योशिओंचे चिरंजीव शुनसाकू यांनी जर्मन पँथर रणगाडा घेतला, आत मोटर बसवली आणि बाजी मारली.

या पँथरचे माप कसे ठरले हे ऐकण्यासारखे आहे. आत दोन बॅटरी सेल मावले पाहिजेत, एवढाच विचार करून रणगाडा आखला होता. नंतर त्याच मापात आणखी रणगाडे काढायचे ठरले तेव्हा शुनसाकूंनी मोजून पाहिले, तर प्रमाण १/३५ च्या आसपास भरले. आज जगभरच्या लष्करी प्रतिकृती ज्या १/३५ मापात निघतात, त्याचा उगम दोन सेलच्या जागेत आहे. चालणाऱ्या प्रतिकृतीच्या सगळ्या इतिहासात ही ओढाताण दिसते. बाहेरून ती खऱ्यासारखी हवी आणि पोटात मोटर, बॅटरी, रेडिओ मावायला हवेत.

दोन्ही घराणी एकत्र आली १९७४ मध्ये. त्या वर्षी तामिया कंपनीने शर्मन रणगाडा १/१६ मापात रेडिओसह आणला. १९७६ मध्ये १/१२ मापातली पोर्शे ९३४ आली आणि पहिल्याच वर्षी लाखावर खपली. या गाडीची मापे मनासारखी मिळेनात, तेव्हा शुनसाकूंनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून टाकली. पुन्हा जोडायला पोर्शेचे मेकॅनिक बोलवावे लागले. मूळ वस्तू उघडून, मोजून मगच लहान करायची ही शिस्त ट्रकवाल्यांनी पुढे अंगात मुरवली.

ट्रकच्या शाखेचा थेट पूर्वज १९८१चा. तामियाने टोयोटा हायलक्स पिकअप १/१० मापात काढला. धातूची शिडीची चॅसी, अखंड ॲक्सल, पाट्यांची स्प्रिंग आणि चालता चालता बदलता येणारे तीन गिअर. गिअर बदलायला वेगळा सर्व्हो लागे, म्हणून रेडिओही तीन चॅनलचा घ्यावा लागे. हे यंत्र जड होते, महाग होते आणि शर्यतीत कुणाच्याही मागे पडेल असे होते. चढावर मात्र ते ज्या ऐटीत गिअर टाकून वर जाई, ती ऐट आधीच्या कुठल्याच रिमोट गाडीत नव्हती. १९८५ मध्ये त्याच धाटणीचा ‘ब्रूझर’ आला.

पण तो काळ बग्गीचा होता. १९८४च्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या स्वस्त, हलक्या, उड्या मारणाऱ्या गाड्यांनी मुलांना वेड लावले. शर्यतीच्या गाडीची बॉडी पॉलिकार्बोनेटच्या पातळ पारदर्शक पत्र्याची असते आणि रंग आतून देतात. आपटली तरी ती वाकते, फुटत नाही. पण तिच्यावर दाराची फट, बिजागरी, रिव्हेट असे काही नीट उठत नाही. शर्यतीने गाडीला वेग आणि चिवटपणा दिला आणि बदल्यात तिचा चेहरा घेतला. वर सांगितलेली सोयरीक मोडायला आली होती ती इथेच.

ती सावरली ट्रकने. जर्मनीत वेडिको कंपनी ॲल्युमिनियमच्या भागांचे १/१६ ट्रक विकू लागली. नट-बोल्टने जोडायचे, नंतर हवे तसे कापून-वाढवून घ्यायचे. १९९३ मध्ये तामियाने ‘किंग हॉलर’ हा लांब नाकाचा अमेरिकन ट्रॅक्टर-ट्रक १/१४ मापात आणला. ॲल्युमिनियमची चॅसी, धातूचे पाटे, तीन गिअर आणि कडक प्लॅस्टिकची केबिन. बाहेरून रंगवायची, म्हणून बारकाव्याला वाव असलेली. मागून मर्सिडीज, स्कॅनिया, व्होल्वो, मान असे युरोपी ट्रक आले. मग एक असा नियंत्रक आला ज्यात इंजिनाचा आवाज, ब्रेकचे आणि वळणाचे दिवे आणि इंजिन सुरू होताना केबिनला बसणारी थरथर हे सगळे एकत्र होते.

आणखी एक शोध कुणी फारसा गाजवला नाही, पण त्याच्याशिवाय हा ट्रक चाललाच नसता. जुन्या गाड्यांत वेग कमी-जास्त करायला सर्व्होने फिरणारी पट्टी आणि तापणारा रोधक असे. हळू, मध्यम, जोरात अशा दोन-तीनच पायऱ्या. इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रकाने त्या पायऱ्या पुसून टाकल्या. चाक जेमतेम हलेल इतका बारीक वेग तेव्हा हाताशी आला.

या ट्रकला हळूच का चालायचे असते? हिशोब सोपा आहे. खरा ट्रक ताशी ८० किलोमीटर जात असेल तर चौदाव्या हिश्श्याच्या ट्रकचा मापातला वेग ताशी ५.७ किलोमीटर होतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. वजनाचा हिशोब त्याहून कडक. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चौदाव्या हिश्श्यावर आली की वजन २७४४ने भागावे लागते. भरलेला ४० टनांचा ट्रक त्या मापात साडेचौदा किलोचा व्हायला हवा.

गुरुत्वाकर्षण मात्र लहान होत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. खड्ड्यात गेलेला मोठा ट्रक ज्या भारदस्त लयीत डुलतो, त्याच्या सुमारे पावणेचारपट घाईने छोटा ट्रक थरथरतो, कारण चौदाचे वर्गमूळ ३.७४ आहे. म्हणून अस्सल दिसणारा ट्रकही हलला की खेळणे वाटू शकतो. जाणकार बांधणारे यावर दोन उपाय करतात. पाट्यांच्या जुडीतले एक-दोन पाटे काढून स्प्रिंग मऊ करतात आणि चॅसीच्या तळाशी शिसे किंवा पोलाद भरून वजन खाली आणतात. वेगनियंत्रकही असा लावतात की कांडी झटकन ढकलली तरी ट्रक आपल्या चालीनेच निघावा. रंगाचा पहिला हात लागण्याआधी ट्रकचे खरेपण इथे ठरते.

मग येते सजावट. या कलेचा बराचसा भाग लष्करी प्रतिकृतीवाल्यांकडून, म्हणजे त्या १/३५ रणगाडेवाल्यांकडून आलेला. गंज दाखवायची त्यांची एक युक्ती फार सुरेख आहे. आधी गंजाचा तपकिरी थर द्यायचा, त्यावर केसांचा स्प्रे मारायचा आणि वर ट्रकचा मूळ ॲक्रिलिक रंग. तो वाळल्यावर पाण्याने भिजवलेल्या ब्रशने कडा घासायच्या. खालचा स्प्रे विरघळतो, वरचा रंग पापुद्रे सोडतो आणि गंज आपसूक उघडा पडतो. स्पंजच्या तुकड्याने टिपलेले टवके, कोपऱ्यात मुरवलेली पातळ काळी शाई, ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवलेला फिका रंग, हेही त्याच शाळेचे शिक्षण.

इथेही माप पाठ सोडत नाही. ट्रकच्या चाकाचा नट ३२ मिलिमीटरचा असेल तर तो १/१४ मध्ये सव्वादोन मिलिमीटरचा हवा. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा ०.०७ मिलिमीटरचा, म्हणजे कागदाइतका. तेवढ्या पातळ प्लॅस्टिकचे मडगार्ड टिकणार नाही. म्हणून मडगार्ड जाडच ठेवतात आणि दिसणारी कड तेवढी आतून तासून पातळ करतात. मळ कुठे लावायचा यालाही कारण लागते. चिखल मागच्या चाकांच्या मागे उडतो, डिझेलचा ओघळ टाकीच्या झाकणाखाली येतो, पायरीचा रंग चालक जिथे पाय ठेवतो तिथेच झिजतो. सगळीकडे सारखा मळ फासलेला ट्रक लगेच खोटा पडतो.

एक फांदी खडकांकडेही गेली. २००९च्या सुमारास ॲक्सियल कंपनीचा एससीएक्स१० आला आणि १/१० मापातल्या, दगडांवरून इंच-इंच चढणाऱ्या गाड्यांचा वेगळा पंथ झाला. गाडी तिथेही हळूच चालते, आणि टपावर दोरखंड, इंधनाचा डबा, फावडे हवेच.

आता आपल्या दारापर्यंत येऊ. जपानमध्ये १९७५ ते १९७९ या काळात ‘तोराक्कु यारो’ या चित्रपटमालेने दिव्यांनी आणि चित्रांनी मढवलेले ट्रक घराघरांत पोचवले, आणि शिझुओकाच्याच आओशिमा कंपनीने त्या सजलेल्या ट्रकांचे संच काढले. सजवलेल्या ट्रकला तिथे प्रतिकृती मिळाली. आपल्याकडचे ट्रक सजण्यात कुठे कमी आहेत? १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. त्या जर्मन गोताचे मर्सिडीज तामियाच्या यादीत आहेत, टाटा मात्र नाही. अशोक लेलँडही नाही.

याला धंद्याची कारणे असतील, पण एक कारण ट्रकमध्येच आहे. आपल्याकडे कित्येक दशके कारखान्यातून चॅसी आणि दर्शनी भाग यायचा. केबिन आणि हौदा बॉडी बिल्डर लाकूड-पत्र्यात बांधायचा. त्यामुळे एकासारखा दुसरा ट्रक नसे, आणि एका साच्यात ओतता येईल असा ‘नमुना’ही नसे. घरी बांधणाऱ्याला उलट हीच संधी आहे. हौद्याचा फाळका, ताडपत्रीचे कडे, आरशाला टांगलेली काळी बाहुली, बंपरचे लिंबू-मिरची, मागचे ‘हॉर्न ओके प्लीज’, जे मागे लिहायला महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंदी केली, यातले काहीही कुठल्या खोक्यात मिळणार नाही. केरळात आणि इतरत्र हौशी मंडळी फोमशीट कापून असे ट्रक बांधत आहेत. आपल्याकडेही सनबोर्ड, प्लॅस्टिकचा पत्रा, सर्व्हो आणि गिअरची मोटर शहरातल्या दुकानांत मिळते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या रेडिओला भारतात २००५ पासून परवाना लागत नाही.

मिळत नाहीत ती मापे. आखूड नाकाचे, लाकडी हौद्याचे जुने टाटा रस्त्यावरून कमी होत चालले आहेत, आणि प्रत्येक हौदा त्याच्या सुताराबरोबर संपणारा आहे. ढाब्यावर असा ट्रक उभा दिसला तर ड्रायव्हरला विचारून टेप लावा. चॅसीची रुंदी, दोन ॲक्सलमधले अंतर, फाळक्याची उंची, पाट्यांची संख्या वहीत उतरवा, चारही बाजूंनी फोटो घ्या आणि प्रत्येक आकड्याला चौदाने भागा. ट्रक पुढे कधी बांधलात तरी चालेल, मापे मात्र आताच घ्या.