भेट वेगळी, औषध वेगळे

गेल्या महिन्यात करंजाड्यात राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याची आई भेटायला आली. तलाक होऊन वर्ष झाले. सहा वर्षांचा मुलगा तिच्याजवळ, आरोग्यविमा मात्र बापाच्या नोकरीतून. बाप म्हणतो, "दर रविवारी मुलगा पाठव, तरच विम्यात नाव ठेवीन." आई म्हणते, "आधी कार्ड द्या, मग मुलगा." मुलाला दमा आहे. "सर, शरियत काय सांगते?" तिने विचारले.

मी मुफ्ती नाही, वकीलही नाही. पण हा तंटा जुना आहे, हे ठाऊक आहे.

इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त एक प्रसंग नोंदलेला आहे. हजरत उमर (रजि.) यांनी एका पत्नीला तलाक दिला होता. त्यांचा मुलगा आसिम कुबाच्या मशिदीच्या अंगणात खेळताना दिसला, तसे त्यांनी त्याला उचलून सोबत घेतले. मुलाची आजी आडवी आली. भांडण खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्यापुढे गेले. त्यांनी मुलगा आजीकडेच राहू द्यायला सांगितले. उमर यांच्यासारखा दरारा असलेला माणूस, पण त्यांनी उलट उत्तर केले नाही.

पुढे फिकहमध्ये दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या गेल्या. सांभाळ म्हणजे हिजानत. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो आईचा हक्क. खर्च म्हणजे नफका. मूल आईकडे असले तरी तो बापावरच. एक दिले तर दुसरे देईन, असा सौदा यात नाही.

इंग्रजी अमदानीत हा विषय कोर्टात गेला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने मुलाचे हित पाहायला सांगितले. १९१८ साली इमामबांदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की आईकडे ताबा असला, तरी मुलाच्या मिळकतीची ती कायदेशीर पालक नाही. मुंबईचे पारशी वकील दिनशा मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरील प्रसिद्ध ग्रंथात निर्वाहाची व्याख्या अन्न, वस्त्र, निवारा अशी आहे. औषधाचे नाव त्यात नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात शिक्षण आणि औषधोपचार स्पष्ट लिहिले गेले.

१९९७ मध्ये नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९८६ च्या कायद्यामुळे मुस्लिम बापाची मुलांना पोसण्याची जबाबदारी दोन वर्षांत संपत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्यात औषधोपचाराचा खर्च कलम २० मध्ये, तर मुलाचा तात्पुरता ताबा आणि भेटीची व्यवस्था कलम २१ मध्ये आहे. तेराशे वर्षांनीही दोन्ही गोष्टी वेगळ्याच राहिल्या.

मी तिला म्हटले, "ताई, कार्डासाठी मुलाला अडवू नका. बापाला भेटणे हा मुलाचाही हक्क आहे. कार्डाचे आणि खर्चाचे वेगळे मागा." स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, त्यासाठी पनवेलच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, हेही सांगितले.

मुलाच्या वडिलांनाही भेटायला बोलावले आहे. ते आले तर आसिमची गोष्ट त्यांनाही सांगेन.