ठशाखालचा ठसा



'दिरहम' हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांना मोजक्या दिरहमांत विकल्याचा उल्लेख सूरह यूसुफमध्ये आहे. हा शब्द मूळचा ग्रीक 'द्राख्मा' होय. तो इराणमार्गे अरबीत आला. ज्या ग्रीकांनी नाण्याला हे नाव दिले, त्यांच्या काही चांदीच्या नाण्यांची हकीकत आज आपणास सांगावयाची आहे.

प्राचीन ग्रीक टाकसाळीत सारे काम हाताने चाले. चांदी वितळवावयाची, ठराविक वजनाची चकती बनवावयाची, ती तापवून ऐरणीत बसविलेल्या साच्यावर ठेवावयाची, वर दुसरा साचा धरून हातोड्याचा घाव घालावयाचा, की झाले नाणे. यांत वेळखाऊ काम चकती बनविण्याचे. मग परगावची तयार नाणी हाती आली असता ती वितळवा कशाला? तीच तापवून त्यांवर आपला ठसा मारला की काम भागले! अशा नाण्यांना पुनर्मुद्रित नाणी म्हणतात. परंतु हातोड्याचा घाव सर्वत्र सारखा बसत नाही. त्यामुळे जुना ठसा पुरता मोडत नाही, कोठेतरी कडेला त्याची खूण राहून जाते. घाईघाईने पुसलेल्या फळ्यावर कालचा धडा अंधुक दिसावा, तसेच हे आहे.

क्रीट बेटाचे उदाहरण घ्या. या बेटावर चांदीच्या खाणी नव्हत्या. अथेन्सजवळील एजिना बेटाची कासवाची नाणी मात्र इ. स. पूर्व सहाव्या शतकापासून दूरवर चालत असत. त्यांतील मोठे नाणे सुमारे १२ ग्रॅम वजनाचे असे. पाचव्या शतकात क्रीटमधील गॉर्टिन व फैस्टॉस ही शहरे स्वतःची नाणी पाडू लागली, तेव्हा त्यांनी अनेकदा ही कासवेच पुन्हा ऐरणीवर ठेवली. गॉर्टिनच्या आरंभीच्या नाण्यांवर बैलावर बसलेली युरोपा आहे आणि अक्षरे आहेत 'गॉर्टिनचा ठसा' या अर्थाची. किती प्रामाणिक शब्द! चांदी परक्याची, ठसा तेवढा आपला.

पुढे याच बेटावर आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील, म्हणजे आजच्या लिबियातील, सायरीनी शहराची नाणी पुनर्मुद्रित झाली. क्रीटचे तिरंदाज प्रसिद्ध होते, ते पगार घेऊन परमुलखांत लढावयास जात. त्यांच्या कमाईबरोबर ही चांदी बेटावर आली असावी, असे विद्वान मानतात. इकडे दक्षिण इटलीतील मेटापोंटम शहराच्या नाण्यावर जवाचे कणीस असे. त्यांतील काही कणसांखाली कॉरिंथच्या पंख असलेल्या घोड्याचा अवशेष दिसतो. कॉरिंथची चांदी समुद्र ओलांडून या सुपीक मुलखात आली होती, हे त्या एका पंखावरून कळते.

विद्यार्थ्यांनो, येथे एक साधा नियम ध्यानात ठेवा. खालचा ठसा नेहमी आधीचा, वरचा नंतरचा. ज्या नाण्यांवर सालच नाही, त्यांचा क्रम लावण्यास याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. मात्र दोन ठशांमध्ये किती वर्षे गेली, हे नाणे सांगत नाही. म्हणजे पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही आपण पाहिले पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासाची ही पहिली पायरी होय.

असाच पुरावा आपल्या महाराष्ट्रातही सापडला आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांवर नहपानाचा मुखवटा असून त्याचे नाव इतर लिप्यांबरोबर ग्रीक अक्षरांतही आहे. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे उमटविली आहेत. त्याने क्षहरातांचे, म्हणजे नहपानाच्या घराण्याचे, निर्मूलन केले, असे नाशिकच्या लेण्यांत त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, लेखात कोरलेले आहे. पण ते जिंकणाऱ्याच्या घरचे म्हणणे झाले. या नाण्यांनी त्यास स्वतंत्र साक्ष दिली. शिवाय हरलेल्या राजाचा चेहराही जपून ठेवला.

आता विचार करा. गॉर्टिनच्या कारागिराने ती कासवे मुशीत टाकली असती, किंवा सातकर्णीने नहपानाची चांदी वितळविली असती, तर आपणास काय उरले असते? चांदी तेवढीच उरली असती, पण ती मुकी असती. नव्याने जुन्यावर आपला ठसा मारला याचे दुःख नाही. तसे जगात होतच आले आहे. जे वितळले, ते मात्र कायमचे गेले.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. आपल्या घरी आजीच्या बटव्यात, जुन्या पेटीत एखादे जुने नाणे असेल, तर ते चिंच-राखेने घासून चकचकीत करू नका. त्या घासण्याने नेमकी खालची अंधुक खूण नाहीशी होते. सोनाराच्या मुशीत तर मुळीच जाऊ देऊ नका. शेतात किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके लागले, तर कलेक्टर कचेरीस कळवा. १८७८ च्या कायद्याने तसे बंधनकारक आहे. आणि घरातले ते नाणे एकदा मुलांच्या हातावर ठेवा. तिरप्या उजेडात ते फिरवून पाहावयास सांगा आणि विचारा, "वरचा ठसा दिसला, खाली काय आहे?"

हा प्रश्न ज्या मुलाला विचारता आला, तो पुढे कोणाच्याही सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. आमच्या शाळेने त्याला दुसरे काही दिले नाही, तरी एवढे द्यावे.