काहील, पेव आणि थंडी

मोंढ्यात हळदीचे पोते फोडले की जाणता खरेदीदार आधी हळकुंड मोडून पाहतो. मोडताना कडक, धातूसारखा आवाज आला तर वाळवण नीट झाली असे समजायचे. मग तो पोत्याच्या तळाशी हात घालतो. तिथे पिवळे पीठ हाताला लागले आणि हळकुंडांवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसली, की पोत्याचा भाव तिथेच उतरतो. ही भोके पाडणारा भुंगा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, पाठ वाकवून डोके खाली दडवणारा. शास्त्रीय नाव लासिओडर्मा सेरिकॉर्ने. जगभर त्याला तंबाखूचा किंवा सिगारेटचा भुंगा म्हणतात, कारण साठवलेल्या तंबाखूला तो सर्रास लागतो. महागड्या चिरुटांची पेटी बाळगणाऱ्यांनाही तो छळतो. त्याच्या धास्तीने हे शौकीन आपले चिरूट घरच्या फ्रीझरमध्ये गोठवतात. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा हळदकरी आणि हवानाचा चिरूट ओढणारा यांचा शत्रू एकच आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ती बोलली पाहिजे असे मला वाटते. हळद टिकवण्याचा आपला इतिहास नीट पाहिला, तर त्यात विषाची वाट अगदी अलीकडची आणि आखूड दिसते. जुनी वाट परिस्थिती बदलण्याची आहे: आच द्यायची, हवा तोडायची. थंडी ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे, आणि वसमतने तिचा विचार करावा.

पहिली शंका नावावरूनच येईल. तंबाखूच्या भुंग्याचा हळदीशी काय संबंध? पण भुंगा तंबाखूपेक्षा कितीतरी जुना आहे. तुतानखामेनच्या थडग्यातील सामानात त्याचे वाळलेले अवशेष सापडले, आणि तो राजा ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातला. तंबाखू जुन्या जगात आली ती कोलंबसानंतर. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली. १६०४-०५ च्या सुमारास मुघल वकील असद बेगने अकबराच्या दरबारात पेश केलेली तंबाखू विजापुरातून, म्हणजे दख्खनमधूनच नेलेली होती, आणि १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. तोवर हा भुंगा तीन हजार वर्षे मसाले, वाळलेली मुळे, बिया, औषधी पाला यांवर जगत आला होता. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १७९२ मध्ये त्याला नाव दिले, तेही करवतीच्या दात्यांसारख्या मिशांवरून. तंबाखू ही त्याची नवी चैन. हळद, धने ही त्याची जुनी भाकरी.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे, कारण ती आपल्या घरातल्या अनुभवावर उभी आहे. हळद तर स्वतःच कीटकांना पळवते. धान्यात, डाळीत हळद चोळून ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि काही धान्यकिडी हळदीच्या वासाने दूर राहतात हे प्रयोगांतही दिसले आहे. मग हळदीलाच कीड कशी? उत्तर भुंग्याच्या पोटात आहे. त्याच्या आतड्यालगतच्या पिशव्यांत यीस्टसारखी बुरशी राहते. ती अन्नातले विषारी घटक मोडते आणि भुंग्याला लागणारी जीवनसत्त्वेही पुरवते. मादी अंडी घालताना त्यांवर ही बुरशी माखते. बाहेर येणारी अळी अंड्याचे कवच खाते आणि आईची शिदोरी पहिल्या घासातच पोटात घेते. ज्या किड्याला निकोटीन पचते, त्याला हळदीच्या तिखट तेलाचे काय भय? हळद धान्याला राखते हे खरे, पण ती स्वतःला राखू शकत नाही. तिला राखायचे काम माणसाचे आहे, आणि माणसाने ते फार पूर्वीच अंगावर घेतले.

पहिला उपाय आचेचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघाली की ओले कंद काहिलीत शिजवतात. आता बहुतेक ठिकाणी काहिलीची जागा वाफेच्या कुकरने घेतली आहे. पाऊण ते एक तास शिजल्यावर फेस येतो, वास सुटतो, आणि काडी टोचली की कंदात सहज जाते. मग दहा-पंधरा दिवस खळ्यावर ऊन, नंतर ड्रममध्ये पॉलिश. हे सगळे रंगासाठी केले जाते असे आपण म्हणतो, आणि रंग एकसारखा पसरतो हे खरेच आहे. पण शिजताना कंदातले पीठ चिकटून घट्ट होते, आणि वाळल्यावर हळकुंड दगडासारखे कडक बनते. त्यातला ओलावा शेकडा आठ-दहावर येतो. मराठवाड्याच्या चैत्र-वैशाखातले तापलेले खळे कोणत्याही अळीला जगू देत नाही. पन्नास-पंचावन्न अंशांची धग काही तास मिळाली, तर अंडे, अळी, कोश, भुंगा काहीच वाचत नाही. म्हणून खळ्यावरून उचललेली हळद निर्मळ असते. कीड लागते ती पुढे, गोदामात. कच्ची शिजलेली, तुटलेली, ओली राहिलेली हळकुंडे आधी पोखरली जातात, त्यामुळे किडीचे मूळ बहुधा घाईत उरकलेल्या शिजवणीत आणि वाळवणीत सापडते. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की आच फक्त आतली कीड मारते. बाहेरून येणाऱ्या भुंग्याला ती अडवू शकत नाही.

त्याच्यासाठी दुसरा उपाय होता, हवा तोडण्याचा. पेव म्हणजे साठवणीचा जमिनीतला खड्डा; हा शब्द आता बोलण्यात उरला तो फुटण्यापुरता. कशाचा सुकाळ झाला की त्याचे पेव फुटले म्हणतो. बळद, कणगी आणि पेव ही एकेकाळी गावाच्या साठवणुकीची तीन घरे होती. मराठवाड्यात ज्वारीचे पेव गावाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जमिनीत, खणत. काळीत नव्हे, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. हळदीसाठी हीच कला टोकाला नेली ती सांगलीशेजारच्या हरिपूरने. कृष्णा-वारणेच्या संगमाकाठची तिथली माती घट्ट, न ढासळणारी. तोंड अरुंद आणि पोट मोठे असे खोल खड्डे, आतून माती-शेणाचा लेप, तळाला व कडेला पाला-गवताचा थर, मग हळदीची पोती, आणि वर दगड ठेवून मातीने बंद केलेले तोंड. अशा पेवात हळद वर्षानुवर्षे राहत असे. राजापुरी हळदीचा सांगलीचा बाजार मोठा झाला त्यामागे या जमिनीखालच्या कोठारांचा हात होता.

पेव उघडण्याची रीत पाहिली की त्यामागचे शास्त्र कळते. तोंड उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. काही तास वारा खेळू देत, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडत. ज्योत टिकली तर माणूस उतरे, विझली तर थांबे. बंद पेवात धान्य, बुरशी आणि किडे सगळेच श्वास घेतात. प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. जी हवा माणसाला गुदमरवते तीच भुंग्याला मारते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी हवाबंद पिशव्यांची पद्धत उभी केली आणि पुढे ती आफ्रिकेभर गेली. तत्त्व तेच, फक्त मातीच्या जागी प्लास्टिक. हरिपूरच्या पेवकऱ्यांना प्राणवायूचे नाव माहीत असण्याची गरज नव्हती, कंदील त्यांचे मोजमाप सांगत होता. २००५ च्या महापुराने यांतली बरीच पेवे पाण्याखाली घातली, आणि एक मोठी विद्या जवळजवळ बुडाली. त्याची हळहळ आपल्याला पुरेशी वाटली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

विषाची कहाणी याच्या तुलनेत काल-परवाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंबाखूच्या कारखान्यांत कार्बन डायसल्फाइड आणि सायनाइडची वाफ वापरली गेली. पहिला पदार्थ ठिणगीने पेट घेतो, दुसरा माणसाला किड्याइतक्याच सहज मारतो. पुढे मिथाइल ब्रोमाइड आला. ओझोनचा थर विरळ करणारा ठरल्याने मॉन्ट्रिअल कराराखाली त्याच्यावर बंधने आली. आता सगळा भार अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांवर आहे. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूलाही हा भुंगा सरावू लागला, हे भारतातल्या साठवलेल्या तंबाखूबाबत १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले. प्रत्येक विष काही दशके टिकले आणि धोक्याने, कायद्याने किंवा किड्याच्या सवयीने थकले. पेवाला मात्र कोणता भुंगा सरावल्याचे ऐकिवात नाही. श्वासाशिवाय जगायला शिकणे सोपे नसते. शिवाय या गोळ्या प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच वापराव्यात असा नियम आहे, आणि वसमत परिसरातली पुष्कळ हळद माणसे झोपतात त्याच घरात, भिंतीला लावलेल्या पोत्यांत असते. तिथे ही गोळी ठेवणे म्हणजे घरातल्या लेकराबाळांच्या जिवाशी खेळणे.

चिरूटवाल्यांची रीत इथे कामाला येते. त्यांना विष चालत नाही, कारण ते तो धूर स्वतः ओढणार. आच चालत नाही, कारण पान सुकून स्वाद जातो. हवाबंद डबाही गैरसोयीचा, कारण चिरूट दमट हवेत मुरवायचा असतो, आणि दमट उबदार हवा भुंग्यालाही मानवते. उरली थंडी. चिरूट पक्क्या बंद पिशवीत घालतात, आधी काही तास साध्या फ्रिजमध्ये, मग उणे अठराच्या आसपासच्या खणात तीन-चार दिवस, परत एक दिवस फ्रिजमध्ये, आणि शेवटी खोलीत. पिशवी मध्ये उघडत नाहीत. एकदम तापमान बदलले तर पान तडकते आणि गार वस्तूवर हवेतले पाणी धरते. अळी आणि भुंगा तर मरतातच, पण डोळ्यांना न दिसणारी अंडीही मरतात, हा या पद्धतीचा खरा फायदा. वसमतच्या घरात वर्षभराची खाण्याची हळकुंडे किंवा हळदपूड राखायला हीच रीत जशीच्या तशी लागू पडते. पूड तर हळकुंडापेक्षा लवकर किडते.

इथे तिसरा आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. डब्याएवढी हळद गोठवणे वेगळे आणि शेकडो क्विंटलची गोष्ट वेगळी. एवढी वीज कोण देणार? हा आक्षेप खरा आहे. पण मोठ्या साठ्याला गोठवण्याची गरजच नसते. हा भुंगा तिसाच्या आसपासच्या तापमानात, दमट हवेत झपाट्याने वाढतो. सदतीस अंशांवर त्याची पिढी महिन्याच्या आत पुरी होते, वीस अंशांवर तिला चारेक महिने लागतात, आणि त्याच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे वीस अंशांच्या बरेच खाली राखलेले साधे शीतगृह किडीला मारत नसले तरी तिची पैदास रोखते. शिजवण आणि वाळवण नीट केलेली, हवाबंद पिशवीत भरलेली हळद अशा गारव्यात ठेवली, तर आच, हवा आणि थंडी हे तिन्ही उपाय एका साठ्यावर एकत्र येतात. पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, एवढे चिरूटवाल्यांचे पथ्य मात्र इथेही पाळावे लागेल, नाहीतर पाणी धरून बुरशी येईल.

हा प्रश्न केवळ नासाडीचा असता तर मी इतका आग्रह धरला नसता. तो थांबण्याच्या ताकदीचा आहे. १९६० च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे उभी राहिली, कालव्याचे पाणी आले आणि वसमत भागातल्या पिकांचे रूप बदलत गेले. गेल्या काही दशकांत हळदीने इथे असे मूळ धरले की आज राज्याच्या हळदीत हिंगोली जिल्हा आघाडीवर आहे. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतमध्ये हळद संशोधन केंद्रही आले. पण सांगलीची पेवे प्रामुख्याने व्यापाऱ्यांच्या मालाची होती. भाव येईपर्यंत थांबणे ज्याला जमे, नफा त्याचा. पिकवणारा मार्च-एप्रिलमध्ये देणेकऱ्यांच्या तगाद्याने विकत असे आणि जो चार पोती मागे ठेवी, त्याची दोन पावसाळ्यात भुंगा खाई. आवक ओसरेपर्यंत माल निर्मळ ठेवता आला, तर तारण आणि गोदाम पावतीच्या योजनांना काही अर्थ उरतो. पोखरलेल्या हळदीवर कोण कर्ज देईल?

शेवटची शंका बेण्याबद्दल. गारठ्याच्या नावाने काही शेतकरी बिचकतात, आणि ते बरोबर आहे. बेण्याचे ओले गड्डे फ्रीझरमध्ये घातले तर डोळे मरतील आणि जूनमध्ये शेत रिकामे राहील. पण या भुंग्याला हवी असते वाळलेली हळद. बेण्याचे शत्रू वेगळे आहेत, खवले कीड आणि कंदकूज. त्यांच्यासाठी झाडाची सावली, हळदीच्या पाल्याचे पांघरूण आणि अधूनमधून हलक्या हाताने केलेली निवड हीच जुनी रीत आजही पुरते. म्हणून शीतगृहाकडे निघालेल्या गाडीत फक्त पॉलिश झालेली हळद भरायची. बेण्याचा ढीग लागवडीपर्यंत झाडाखालीच राहील.