खळं मुंबईला जातं

डोळे मिटा. वेळणेश्वरच्या देवळापलीकडे समुद्राची गाज, पायाखाली शेणाने सारवलेलं खळं. भात झोडायचं, लग्नाचा मांडव घालायचा, उन्हाळ्यात उघड्यावर निजायचं ते इथंच. आता उघडा. मे 1957.

दाभोळला पडावातून तुम्ही बोटीवर चढता, भाऊच्या धक्क्यावर उतरता. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, काखेत वळकटी. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत मजल्यावर 20 खोल्या, मधून अंधारा बोळ. 160 चौरस फुटांची खोली गाववाल्यांनी मिळून घेतलेली. माणसं मोजू नका, गिरणीच्या पाळीप्रमाणे ती बदलतात.

"जेवलास काय रं?" एवढंच विचारून चुलते वळकटी उचलतात नि खाली निघतात. तुम्ही मागोमाग.

दोन इमारतींमधली जागा सरकारची. पण तिथे पोरांनी फक्कीने कबड्डीचं मैदान आखलंय. तेलाच्या डब्यात तुळस वाढतेय. कोपऱ्यावरच्या फळ्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची वेळ खडूने लिहिलेली. बोळाच्या तोंडाशी खाणावळवाल्या मावशी भाकऱ्या थापतायत. त्यांच्यासारख्यांनाच एकत्र आणून 1975 मध्ये प्रेमा पुरव अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करतील. आणि रस्त्याच्या कडेने, दिव्याखाली, अंथरुणांची लांबच लांब ओळ. कोण कुठे निजणार हे ठरलेलं. नव्या माणसाला सरकून जागा देतात, कुठल्या गावचा ते विचारून.

याला अतिक्रमण म्हणायला माझी जीभ वळत नाही. खोलीत कूस बदलता येत नव्हती, म्हणून कोकणातल्या माणसाने रस्त्याचं खळं केलं. कुणाचं काही हिरावून नव्हे. सकाळी ते झाडून पुन्हा रस्त्याला परत दिलं.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप, मुके झालेले भोंगे, चाळींच्या जागी मनोरे, 500 चौरस फुटांची घरं. आपलं हक्काचं न्हाणीघर ही केवढी मोठी गोष्ट, ते बोळाच्या टोकाला रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला विचारा. तरी नव्या नकाशात मी खळं शोधतो.

पहाटे भोंगा होतो. तुम्ही अंथरूण गुंडाळता. रात्रपाळीहून आलेला, केसांत कापूस अडकलेला एक जण त्याच जागी आपलं पसरतो. फरशी अजून उबदार आहे. उन्हं चढेपर्यंत ती त्याची.